दोरावरचा चौथा

४ जुलै, शुक्रवार. अल हैल, मस्कत

आलो एकदाचा! विमानतळाचं दार उघडलं आणि चष्म्यावर वाफ धरली. सकाळचे नऊ, पारा चाळिशीच्या वर. आणि मी इथे शिकवणार काय, तर बर्फावर कसं चालायचं! पुण्यात मित्रांना सांगितलं तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

न्यायला तिघेही विद्यार्थी हजर. लिंडाबाई मूळच्या वसईच्या, पंचेचाळिशीच्या, इथल्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सांभाळतात. त्यांचा दीर स्टॅन्ली वादी कबीरला एका कोल्ड स्टोअरमध्ये मेकॅनिक आहे. पोट असं, की कमरेच्या हार्नेसचा पट्टा पुरतो की नाही याची मला आत्तापासून शंका. आणि अस्मिता, आमच्या कोथरूडची, शाळेत भूगोल शिकवते. माझी सॅक उचलायला गेली आणि पाच पावलांत धापा टाकायला लागली. ही फौज पाच ऑगस्टला जॉर्जियाला निघणार, काझबेकवर. पाच हजार मीटरच्या वरचा झोपलेला ज्वालामुखी, अंगभर हिमनद्या. हल्ली अर्धं मस्कत सुट्टीला जॉर्जियाला जातं. जावं, चीज भरलेली रोटी खावी, फोटो काढावेत, परत यावं. पण नाही, यांना डोंगर हवा!

असो. मला काय, महिनाभराची तर गोष्ट. सप्टेंबरात माझी नेपाळची मोहीम आहे, आठ वर्षं वाट पाहिलेली, आणि निवड झाली ती या दहा बोटांच्या जोरावर. कड्यावर बोटांनी लटकावं तर धनंजयनेच, असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत, लोक म्हणतात.

राहायला लिंडाबाईंच्या अंगणातली खोली मिळाली आहे, दार वेगळं. एसी झकास. दुपारी फुगे, म्हणजे वसईकडचे तळलेले गोल पाव, आणि सुरमईचं कालवण. बाईंचा हात चांगला आहे, हे कबूल.

६ जुलै, रविवार

आज सामानाची तपासणी. स्टॅन्लीने बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी दाते, उलटे लावले, टोकं वर! मी नुसता बघत उभा राहिलो. पाच मिनिटांनी त्याचं त्याला कळलं. तिघेही मला सर म्हणतात. अस्मिता मध्येच दादा म्हणून जाते आणि जीभ चावते.

गंमत म्हणजे सामान एक नंबर आहे. बर्फाच्या कुऱ्हाडी, कप्प्या, सगळं वापरलेलं. म्हणजे हे लोक आधी कुठेतरी जाऊन आलेत. विचारलं तर लिंडाबाई चहा आणायला उठल्या.

माझ्या खोलीतल्या खिळ्यावर एक लाल दोर आहे. साठ मीटरचा असावा, पण मोजला तर सत्तेचाळीस भरला. एक टोक चाकूने कापलेलं. फेकून द्या म्हटलं. स्टॅन्ली माझ्याकडे असा बघायला लागला, जसं मी त्याच्या आईला काही बोललो.

११ जुलै, शुक्रवार. रुस्ताकहून परत

पहाटेच निघालो. रुस्ताकच्या पुढे डोंगरात एक वादी आहे, कोरडी नदी, नुसते धोंडे. ऊन चढायच्या आत एका दोरावर चालण्याचा सराव करायचा होता. हिमनदीवर सगळे एकाच दोराला बांधून, अंतर ठेवून चालतात. एक भेगेत पडला तर बाकीच्यांनी धरायचं, एवढाच त्यातला अर्थ.

यांनी तोच लाल दोर आणला! पुढे लिंडाबाई, मग अस्मिता, मग स्टॅन्ली. आणि स्टॅन्लीच्या मागे, कापलेल्या टोकाला, आठाची गाठ मारून एक रिकामा फास. मला वाटलं माझ्यासाठी आहे. तर नाही. लिंडाबाईंनी हजेरी सुरू केली. स्वतःचं नाव घेतलं, आहे म्हणाल्या. अस्मिता, आहे. स्टॅन्ली, आहे. मग त्या लेस्ली म्हणाल्या आणि तिघेही खाली माना घालून गप्प. तीन श्वास थांबले. मग निघाले, आणि तो रिकामा फास धोंड्यांवरून खरवडत मागे.

परतीच्या वाटेवर अस्मिताने सगळं सांगितलं. लेस्ली म्हणजे लिंडाबाईंचा नवरा. गेल्या वर्षी एक ऑगस्टला हे चौघे वाटाड्या न घेता काझबेकवर गेले होते. लेस्ली दोरावर शेवटचा. बर्फाचा पातळ थर फुटला आणि तो भेगेत गेला. या तिघांनी बर्फावर पालथं पडून त्याला धरलं. सकाळी आठपासून. वरून हजेरी घ्यायचे, खालून तो आहे म्हणायचा. दुपारी एकला ओ यायची थांबली. तोवर तिघेही घसरत भेगेच्या काठाशी आले होते. स्टॅन्लीने दोर कापला. लेस्ली अजून तिथेच आहे. शिखराशी यांना देणंघेणं नाही, यांना त्या भेगेपाशी जायचंय.

पाच तास! कप्प्या सॅकमध्ये, आणि वापरायच्या कशा ते एकालाही ठाऊक नाही! मी असतो तर अर्ध्या तासात बाहेर काढला असता माणूस. अस्मिता रडत होती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, दुसरं काय करणार. मूर्खपणावर सांत्वन कसलं करायचं?

१३ जुलै, रविवार

अस्मिताच्या इमारतीच्या जिन्यात वर्ग घेतला. विषय: भेगेतून माणूस काढणे. स्टॅन्लीला खाली लटकवलं, शेजाऱ्यांची करमणूक झाली. लिंडाबाईंची ताकद पुरेना. मग मी म्हटलं, ओढायला माणसं नसतील तर वरच्या एकाने स्वतःला दोराच्या दुसऱ्या टोकाला अडकवून खाली जायचं. त्याच्या वजनाने अडकलेला वर येतो. एक खाली, एक वर. शाळेतल्या पोरांना कळेल, तुम्हाला पाच तासांत सुचलं नाही, हेही सुनावलं.

लिंडाबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, जो खाली गेला तो वर कसा येतो? मी म्हटलं, बाई, आधी पहिला तर येऊ द्या, दुसऱ्याचं दुसऱ्या दिवशी शिकवतो. त्यांनी तेही लिहून घेतलं!

१८ जुलै, शुक्रवार

आज स्टॅन्लीच्या कोल्ड स्टोअरमध्ये सराव. सुट्टी होती, मालकाची परवानगी घेतलेली. बाहेर सत्तेचाळीस, आत उणे वीस. दोन्ही बाजूंना गोठलेल्या कोळंबीची आणि कोंबड्यांची खोकी, मधल्या बोळातून आमची दिंडी. ज्वालामुखीची तयारी म्हणे!

पुन्हा तोच लाल दोर, तोच रिकामा फास, तीच हजेरी. माझं डोकं फिरलं. मेलेल्या माणसासाठी जागा धरून ठेवणारे लोक उद्या हिमनदीवर जिवंत माणसाला काय धरणार? म्हटलं, हे खूळ आजच काढतो. लिंडाबाई लेस्ली म्हणाल्या आणि माना खाली गेल्या. मी पुढे झालो, तो फास माझ्या हार्नेसला अडकवला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, आहे!

काय तमाशा झाला म्हणून सांगू. लिंडाबाई किंचाळल्या. स्टॅन्ली छातीवर क्रूस करत भिंतीला टेकला. अस्मिता माझा फास सोडवायला धावली, पण हातमोज्यांतून गाठ सुटेना. मी हसत होतो. मला खरंच हसू आवरत नव्हतं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. गाठ सुटायच्या जरा आधी कमरेला झटका बसला. दोर माझ्या पुढे होता, पुढून ओढलं तर पुढे जायला हवं. ओढ खाली होती, फरशीकडे. खोक्याच्या लाकडाला अडकला असणार दोर.

आत तासभर हातमोजे काढून गाठी दाखवत होतो, त्यामुळे बोटं बधिर झालीत. होतं असं.

२० जुलै, रविवार

बोटं अजून बधिर. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं. टोकं मेणबत्तीसारखी पांढरी. कोमट पाण्यात धरली, तेल चोळलं. दोन दिवसांत पूर्ववत व्हायला हवी होती.

लिंडाबाई आल्या होत्या. म्हणाल्या, सर, पाया पडते, असं पुन्हा करू नका, ती जागा त्याची आहे. जोपर्यंत ती त्याची आहे तोपर्यंत तो तिथे आहे. मी म्हटलं, तुम्हाला डोंगराची नाही, डॉक्टरची गरज आहे. उंबऱ्यावरूनच गेल्या.

खोलीत ओल आली आहे. उशाकडची भिंत हाताला गार लागते. एसी बंद केला.

२२ जुलै, मंगळवार

डॉक्टरची गरज मलाच पडली, हसा.

इथल्या दवाखान्यात डॉक्टर उजमा म्हणून बाई आहेत. करंगळी दाबून पाहिली, टाचणी टोचली, मला कळलंच नाही. मग त्यांनी विचारलं, कुठल्या थंड देशातून आलात? मी म्हटलं, अल हैलहून. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. हा हिमदंश आहे म्हणाल्या. तासाभराचा नाही, कित्येक तासांचा. आणि अजून वाढतोय. म्हणजे मी अजून थंडीत आहे, असं त्या म्हणाल्या! बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालंय, आणि ही बाई मला थंडीपासून जपायला सांगते! असल्या डॉक्टरांना पदव्या कोण देतं?

तिसरं बोटही पांढरं झालंय. सप्टेंबरला सहा आठवडे. बोटं जाता कामा नयेत. बाकी काहीही जावो.

२५ जुलै, शुक्रवार

रुस्ताकला गेलो होतो. आज मी दोरावर नव्हतो, लांब एका खडकावर बसलो होतो, हात बगलेत घालून. त्यांनी हजेरी घेतली. लिंडाबाई लेस्ली म्हणाल्या आणि थांबल्या.

आहे, असं ऐकू आलं.

बारीक, खोलातून. मला ऐकू आलं, त्यांनाही आलं. फास धोंड्यांवर मोकळा पडला होता. लिंडाबाई गुडघ्यांवर बसल्या आणि तो फास दोन्ही हातांत धरून हसायला लागल्या. बाईंना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच क्षणी माझ्या कमरेला ओढ बसली आणि मी खडकावरून घसरलो. मला हार्नेसच नव्हता.

परत येताना रुस्ताकच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर थांबवलं त्यांना. लोक सांधेदुखीसाठी येतात तिथे, पाणी हात भाजेल असं. मी कोपरापर्यंत हात घातला. शेजारी एक म्हातारे ओमानी गृहस्थ पाय सोडून बसले होते. त्यांनी पाय झटकन वर घेतले, पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चपला उचलून लांब गेले. माझ्या हाताभोवतीचं पाणी गार पडलं होतं.

भुताखेतांवर मी विश्वास ठेवत नाही. असल्या भाबड्या लोकांत राहून माणसाचं डोकं बिघडतं, एवढंच.

२७ जुलै, रविवार

लाल दोर अंगणात जाळायला घेतला. रॉकेल ओतलं, चार काड्या ओढल्या. पेटेना. दोर ओला होता. पिळला तर बारीक बर्फ निघाला. भर दुपारी, या उन्हात.

कमरेवर पट्ट्याचे वळ उठलेत, काळेनिळे. कुणीतरी मला रात्रंदिवस टांगून ठेवल्यासारखे. करंगळी काळी पडली.

परतीचं तिकीट काढलं. आजचंच. गेलं खड्ड्यात यांचं प्रशिक्षण.

त्याच दिवशी, संध्याकाळी

परत आलो. टॅक्सी विमानतळाच्या वळणाला लागली आणि कमरेचा तो न दिसणारा पट्टा आवळला. श्वास बंद. ड्रायव्हर महमूद घाबरला, हार्ट अटॅक समजला. गाडी मागे वळवली तेव्हा सैल झाला. पुन्हा पुढे घ्यायला लावली. पुन्हा आवळला.

दोर संपला होता. एवढाच पुरतो तो.

२८ जुलै, सोमवार

अस्मिता आली. दादा म्हणाली आणि या वेळी जीभ चावली नाही. तिचं म्हणणं असं, की ज्या नावाने ओ दिली त्या नावाने मी अडकलोय. पुन्हा फास लावायचा, लिंडाबाईंनी माझं नाव घ्यायचं, मी माझ्या नावाने आहे म्हणायचं, आणि गाठ सोडायची. हजेरी नेहमी त्याच घेतात, तेव्हा त्यांनीच घ्यायला हवी. महिन्यापूर्वी असलं काही ऐकून मी या मुलीला दारातून हाकललं असतं.

गेलो लिंडाबाईंकडे. त्या इस्त्री करत होत्या. पुरुषाचा शर्ट. स्टॅन्लीच्या मापाचा नव्हता.

मी सगळं सांगितलं. मी, धनंजय, हात जोडले. त्यांनी इस्त्री उभी ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, सर, तुम्हीच शिकवलंत. एक खाली, एक वर. आम्हाला पाच तासांत सुचलं नाही. मग म्हणाल्या, काल रात्री आम्ही पुन्हा हजेरी घेतली, त्याची ओ किती जवळून आली तुम्हाला माहीत नाही. मला माफ करा. आणि रडायला लागल्या, अगदी मनापासून. निघताना मला गरम पेज दिली, हात शेकायला. माझ्या हातात येताच वाटीत बर्फ धरला.

स्टॅन्ली दारात उभा होता. त्याने भावाचा दोर एकदा कापला होता म्हणाला, दुसऱ्यांदा त्याच्याने होणार नाही.

३० जुलै

खोली तिरकी झाली आहे. पलंग भिंतीकडे सरकतो. भिंत निळी. मूळची पांढरी होती. नखाने खरवडली तर —

पाच बोटं काळी. नेपाळ गेलं. गेलं ते. पेन दोन्ही तळव्यांत धरून लिहितोय.

दार दिसतं, पण वर. कसं वर? चढून जातो म्हटलं. मी! जो — बोटं पकडतच नाहीत. तीनदा पडलो.

३१ जुलै

छताला फट. उजेड तिथूनच. पाणी ठिबकतं आणि ठिबकतानाच —

यांनी धरलं असेल का मला? तेव्हा तिघांनी त्याला पाच तास धरलं. पालथं पडून. हाताची सालं निघाली असतील. मी काय म्हणालो होतो — अर्ध्या तासात —

नाही. मूर्खच ते. कप्प्या होत्या सॅकमध्ये. कप्प्या —

अस्मिता दार वाजवतेय. खूप वरून. मी ओ देतो. ती नुसती वाजवतच —

१ ऑगस्ट

दिवस आहे. फटीतून ऊन. अंगणात माणसं. आज वर्ष झालं त्याला.

कमरेची ओढ खाली. सारखी खाली. शेजारून काहीतरी वर गेलं आत्ता — भिंतीला घासत — बुटाचा दाता माझ्या खांद्याला लागला — उबदार होता —

लिंडाबाई हजेरी घेताहेत. लिंडा, आहे. अस्मिता — रडतेय — आहे. स्टॅन्ली, आहे.

लेस्ली.

आहे. पुरुषाचा आवाज. खणखणीत. अंगणातून.

कोणीतरी ओरडलं. खुर्ची पडली. हसताहेत, रडताहेत —

मग गप्प. मग अस्मिता. तीच. धनंजय, म्हणाली.

थांबले. माना खाली घातल्या असतील. मला माहीत आहे कसे थांबतात.

आहे — मी आहे — एक श्वास — अस्मिता, अगं खाली बघ — ओ देतोय मी — दोन — स्टॅन्ली, पाया पडतो रे, कापू नको, धर — धरा सगळ्यांनी — ती